घटिकापात्र, मंगळयान आणि ‘थोड्या वेळाने’

२४ सप्टेंबर २०१४. सकाळचे ७ वाजून १७ मिनिटे ३२ सेकंद. मंगळाच्या समीप पोहोचलेल्या भारतीय यानाचे मुख्य इंजिन पेटले. बंगळुरूच्या नियंत्रण कक्षात त्या क्षणी कोणीही कळ दाबली नव्हती. दाबून उपयोगही नव्हता. यान पृथ्वीपासून सुमारे २२ कोटी ४० लाख किलोमीटर दूर होते. प्रकाशाच्या वेगाने निघालेला संदेशही तेथे पोहोचायला साडेबारा मिनिटे घेत होता आणि उत्तर परत यायला तितकीच. ज्या आज्ञेने इंजिन पेटले, ती सप्टेंबरच्या मध्यालाच यानाकडे रवाना झाली होती. यानाने ती स्मृतीत जपून ठेवली, आपल्या घड्याळाकडे पाहत राहिले आणि नेमका क्षण येताच ती पाळली.

आज दिलेली आज्ञा नंतर पाळली जावी, ही युक्ती मोबाइल ॲप तयार करणाऱ्यांच्या रोजच्या वापरातील आहे. ॲप उघडताच दोन सेकंद दिसून नाहीशी होणारी पाटी, ‘ओटीपी पुन्हा पाठवा’ हे बटण तीस सेकंदांनी जागे होणे, पाण्याची किंवा औषधाची आठवण करून देणारी घंटा, या साऱ्यांच्या मुळाशी तेच आहे. ही युक्ती विद्यार्थी पहिल्या काही दिवसांतच शिकतो. लिहायला एक ओळ पुरते. पण त्या ओळीत तीन प्रश्न दडलेले असतात. वेळ कोण मोजणार? वेळ भरेल तेव्हा आज्ञा पाळायला जागे कोण असणार? आणि आज्ञा देतानाची परिस्थिती ती पाळतानाही तशीच असेल काय? मानवाने हे प्रश्न संगणकापूर्वी फार आधी हाताळले आहेत, आणि त्यांची उत्तरे चुकल्याची किंमतही मोजली आहे.

आपल्या भाषेत ‘घटकाभर थांब’ असे आपण सहज म्हणतो. ही घटका म्हणजे २४ मिनिटे. दिवस आणि रात्र मिळून अशा ६० घटका होतात. घटकेचा साठावा भाग म्हणजे पळ, अर्थात २४ सेकंद. हे मोजण्याचे साधन म्हणजे घटिकापात्र : तळाशी बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी. ती पाण्याने भरलेल्या मोठ्या भांड्यात तरंगत सोडायची. छिद्रातून पाणी हळूहळू आत येते आणि घटका पूर्ण होताच वाटी बुडते. अहोरात्रात साठ वेळा बुडणाऱ्या अशा पात्राचे वर्णन सूर्यसिद्धान्तात आहे. लग्नाच्या मुहूर्तासाठी घंगाळात घटिकापात्र सोडण्याची रीत महाराष्ट्रात दीर्घकाळ होती. ‘घटका भरणे’ हा शब्दप्रयोग त्या वाटीतूनच आला. अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना वधूवर उभे, मंगलाष्टके चाललेली आणि ‘ती वेळ आली की अंतरपाट दूर करा’ ही आज्ञा एका वाटीच्या स्वाधीन.

ती वाटी विश्वासघात करू शकते, याची कथाही आपल्याकडेच आहे. भास्कराचार्यांनी इसवी सन ११५० मध्ये ‘लीलावती’ रचली. अकबराच्या दरबारातील फैजी याने १५८७ मध्ये तिचे फारसी भाषांतर केले आणि त्याच्या प्रस्तावनेत एक आख्यायिका सांगितली. कन्या लीलावती हिच्या विवाहासाठी आचार्यांनी एकच शुभ क्षण काढला होता. घटिकापात्र पाण्यावर सोडले गेले. कुतूहलाने लीलावती त्यावर वाकली आणि तिच्या अलंकारातला एक मोती निखळून वाटीत पडला. तो नेमका छिद्रावर बसला. पाणी आत येणे थांबले. सारे जण वाटी बुडण्याची वाट पाहत बसले आणि मुहूर्त निघून गेला. भास्कराचार्यांच्या स्वतःच्या ग्रंथांत ही हकिगत नाही. तिला इतिहास म्हणता येणार नाही. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, चाळीसगावजवळच्या पाटण येथे १२०७ मध्ये कोरविलेला शिलालेख आजही आहे. घराण्याची विश्वसनीय माहिती तेथे मिळते. तरीही आख्यायिकेचे मर्म मोलाचे आहे. त्या मांडवात काहीही मोडले नाही, कोणी ओरडले नाही, धूर निघाला नाही. जे घडायचे होते ते फक्त घडले नाही, आणि ते घडले नाही हे कोणाच्या लक्षात आले नाही. विलंबाने चालणाऱ्या आज्ञेचा सर्वांत धोकादायक बिघाड हाच.

अवकाशयुगात भारताने पाऊल टाकले तेव्हा ही वाटी संगणकाच्या रूपाने श्रीहरिकोट्यास आली. प्रक्षेपणाच्या अखेरच्या मिनिटांत माणसाचा हात बाजूला होतो आणि ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या सेकंदाला एकेक आज्ञा सुटत जाते. १० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ या अग्निबाणाचे पहिले प्रायोगिक उड्डाण होते. प्रकल्पाचे नेतृत्व करणारे डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी पुढे अनेक भाषणांतून त्या दिवसाची कबुली दिली. अखेरच्या मिनिटात संगणकाने मोजणी रोखली, नियंत्रण यंत्रणेत दोष असल्याचे दाखविले. सोबतच्या तज्ज्ञांनी गळती असली तरी इंधन पुरेसे असल्याचे सांगितले आणि कलामांनी संगणकाला बाजूला सारून उड्डाण घडविले. पहिला टप्पा नीट चालला. दुसऱ्या टप्प्यात नियंत्रण सुटले आणि अग्निबाण बंगालच्या उपसागरात कोसळला. पत्रकारांसमोर त्या अपयशाची जबाबदारी इस्रोचे अध्यक्ष प्रा. सतीश धवन यांनी स्वतःकडे घेतली. १८ जुलै १९८० रोजी तोच अग्निबाण यशस्वी झाला, तेव्हा पत्रकारांसमोर त्यांनी कलामांना पुढे केले. ही गोष्ट बहुधा नेतृत्वाचा धडा म्हणून सांगितली जाते. तिच्यात आणखी एक धडा आहे : ठरलेली वेळ झाली म्हणजे आज्ञा पाळायची वेळ झाली, असे नव्हे. मध्ये एक ‘जर’ असतो, आणि संगणक त्या दिवशी त्या ‘जर’पाशी थांबला होता.

पुढची शिकवण अधिक सूक्ष्म होती. २४ मार्च १९८७ रोजी एएसएलव्हीच्या पहिल्या उड्डाणात बाजूच्या बूस्टरांचे काम आटोपले; त्यानंतर मधला मुख्य टप्पा पेटायचा होता. तो पेटलाच नाही. १३ जुलै १९८८ च्या दुसऱ्या उड्डाणात तो पेटला, पण बूस्टर विझण्याच्या आसपासच्या त्या नाजूक काळातच अग्निबाणाचे नियंत्रण गेले. दोन्ही अपयशे एकाच सांध्यावरची होती : एकाचे काम संपते आणि दुसऱ्याचे सुरू होते तो क्षण. कागदावर हा क्षण एका आकड्याने लिहिता येतो. प्रत्यक्षात इंधन कणभर लवकर किंवा उशिरा संपते, वारा वेगळा असतो, थरथर वेगळी असते. चौकशा झाल्या, रचना सुधारली गेली आणि २० मे १९९२ रोजी एएसएलव्ही यशस्वी झाला.

या शहाणपणाचे फळ २८ मार्च २००१ रोजी साऱ्या देशाने पाहिले. जीएसएलव्हीचे ते पहिलेच उड्डाण. या अग्निबाणात बाजूची चार द्रवइंधन इंजिने आधी पेटतात आणि मधला घनइंधनाचा अजस्र टप्पा त्यानंतर काही सेकंदांनी. हा विलंब हेतुपुरस्सर ठेवलेला आहे. द्रवइंधनाचे इंजिन बंद करता येते. घनइंधन एकदा पेटले की विझविता येत नाही. म्हणून त्या मोजक्या सेकंदांत संगणक चारही इंजिनांची नाडी पाहतो. त्या दिवशी एका इंजिनाने पुरेसा जोर धरला नाही. संगणकाने मोजणी थांबविली, पेटलेली इंजिने बंद केली आणि अग्निबाण तळावर उभाच राहिला. टीव्हीसमोर बसलेल्यांना ते अपयश वाटले. तीन आठवड्यांनी, १८ एप्रिलला, दुरुस्त केलेला तोच अग्निबाण आकाशात झेपावला. गगनयानाच्या चाचणी-उड्डाणातही २१ ऑक्टोबर २०२३ रोजी संगणकाने उड्डाणापूर्वी ५ सेकंद मोजणी रोखली. कारण शोधून ते दूर केले गेले आणि सकाळी १० वाजता उड्डाण पार पडले. १९७९ मध्ये डावलला गेलेला ‘जर’ आता यंत्रणेच्या केंद्रस्थानी होता.

आता पुन्हा मंगळाकडे वळू. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी पीएसएलव्ही-सी२५ ने यान नेले आणि १ डिसेंबरला ते पृथ्वीची कक्षा सोडून निघाले. त्यानंतर मुख्य इंजिन सुमारे ३०० दिवस निजून होते. इतक्या निद्रेनंतर ते जागे होईल काय, ही चिंता प्रारंभापासून होती. म्हणून इंधनाच्या समांतर वाहिन्या आधीच बसविल्या होत्या. कालांकित आज्ञा, म्हणजे प्रत्येकीवर पाळण्याची वेळ लिहिलेल्या आज्ञा, सप्टेंबरच्या मध्याला यानात भरल्या गेल्या. पण केवळ त्यांवर विसंबून कोणी बसले नाही. २२ सप्टेंबरला इंजिन अवघे ४ सेकंद पेटवून पाहिले गेले. ते पेटले. पेटले नसते तर आठ लहान इंजिनांच्या बळावर शक्य तितका वेग कमी करण्याची दुसरी योजनाही तयार होती.

२४ तारखेचा क्रम पाहावा. पहाटे ४ वाजून १७ मिनिटांनी यानाने आपला ॲन्टेना बदलला. ७ च्या सुमारास ते वळू लागले, जेणेकरून इंजिनाचा झोत गतीच्या दिशेला येऊन वेग कमी होईल. ७ वाजून १२ मिनिटांनी ते मंगळाच्या सावलीत शिरले. सौरपट्ट निरुपयोगी झाले. ७ वाजून १७ मिनिटांनी इंजिन पेटले. चार-पाच मिनिटांत यान मंगळाआड गेले आणि संदेशही थांबले. म्हणजे अंधार, मौन आणि चालू इंजिन. इंजिन पेटल्याची खूण पृथ्वीवर साडेसातला आली, तेव्हा यान मंगळामागे होते. ते पाहता येत नव्हते, त्याला काही सांगताही येत नव्हते. ठरलेला ज्वलनकाल होता २४ मिनिटे १४ सेकंद. आपल्या जुन्या मापात सांगायचे तर एक घटका आणि अर्ध्या पळाहून किंचित अधिक. घटिकापात्र बुडण्यास जितका वेळ लागतो, जवळजवळ तितकाच वेळ सारा देश श्वास रोखून होता.

प्रत्यक्षात इंजिन १३८८.६७ सेकंद चालले, म्हणजे २३ मिनिटे आणि सुमारे ९ सेकंद. ठरल्यापेक्षा एक मिनिट कमी! हा बिघाड नव्हता. घड्याळाने आरंभ केला, पण शेवट करण्याचे काम वेग मोजणाऱ्या उपकरणांकडे होते. ‘अमुक वेळ चालव’ या आज्ञेमागे ‘अमुक इतका वेग कमी होईपर्यंत चालव’ ही खरी इच्छा होती. यानाचा वेग सेकंदाला १०९९ मीटरने बदलला आणि भारत पहिल्याच प्रयत्नात मंगळाच्या कक्षेत पोहोचला.

आता हे खिशातल्या फोनवर आणून पाहू. ॲन्ड्रॉइडमध्ये ॲपचा जो मुख्य धागा पडद्यावर चित्र काढतो आणि बोटाचा स्पर्श ओळखतो, त्याच्यापाशी कामांची एक रांग असते. ‘तीन सेकंदांनी हे काम कर’ असे सांगितले की काम त्या रांगेत वेळ लिहून ठेवले जाते. नवशिका कधीकधी त्याऐवजी धाग्यालाच तीन सेकंद झोपवितो. मग तेवढा वेळ पडदा गोठतो, आणि पाच सेकंद स्पर्शाला उत्तर मिळाले नाही तर प्रणालीच ‘ॲप प्रतिसाद देत नाही’ असे जाहीर करते. रांगेत ठेवणे हाच योग्य मार्ग. पण रांगेतल्या ‘तीन सेकंदांनी’ याचा खरा अर्थ ‘तीन सेकंदांच्या आत नाही’ एवढाच. आधीचे काम लांबले तर हेही लांबते. ज्या पडद्यासाठी ते काम होते तो पडदा वापरकर्त्याने दरम्यान बंद केला असेल, तर नसलेल्या पडद्यावर लिहायला जाऊन ॲप कोसळू शकते. म्हणून पडदा बंद होताना त्याची रांगेतली कामे काढून टाकणे हा जाणत्यांचा नियम आहे.

घड्याळाचा प्रश्न तर याहून गमतीचा आहे. ही रांग ज्या घड्याळावर चालते ते फोन सुरू झाल्यापासूनची वेळ मोजते, पण फोन गाढ झोपेत गेला की तेही थांबते. बॅटरी वाचविण्यासाठी ही झोप क्रमाने वाढत गेली. २०१३ च्या ॲन्ड्रॉइड ४.४ पासून सामान्य गजर थोडे पुढेमागे करून एकत्र वाजविण्याची मुभा प्रणालीने स्वतःकडे घेतली. २०१५ च्या ॲन्ड्रॉइड ६ मध्ये ‘डोझ’ आले : फोन चार्जरला नाही, पडदा बंद आहे आणि बराच वेळ हललेला नाही, तर साऱ्या ॲपांची कामे तहकूब; मधूनमधून उघडणाऱ्या छोट्या खिडकीतच ती करायची. २०२१ च्या ॲन्ड्रॉइड १२ पासून अगदी नेमक्या वेळेच्या गजरासाठी वेगळी परवानगी लागू लागली. आयफोनवरही पडद्याआड गेलेले ॲप लवकरच गोठविले जाते. आठवणीची सूचना द्यायची तर ती आधीच प्रणालीच्या हाती सोपवावी लागते. प्रणाली येथे खलनायक नाही. शेकडो ॲपांनी मन मानेल तेव्हा फोन जागा केला तर दुपारपर्यंत बॅटरी संपेल. ज्याला खरोखर वेळ पाळायची आहे त्याने तसे सांगावे, एवढीच तिची अट आहे.

ही अट मी एकदा पाळली नाही. माझ्या वडिलांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती आणि दर दोन तासांनी डोळ्यांत थेंब घालायचे होते. मी ॲप तयार करण्याचेच काम करतो. मोठ्या हौसेने एक छोटे ॲप लिहिले. एक ओळ : दोन तासांनी घंटा वाजव. माझ्या टेबलावर ते चोख चालले, कारण तपासताना फोन केबलने संगणकाला जोडलेला होता, म्हणजे चार्जिंगवर आणि जागा. घरी वडिलांनी तो फोन उशाशी ठेवला आणि ते डोळे मिटून पडले. फोन हलला नाही, पडदा लागला नाही. काही वेळात तोही झोपला. संध्याकाळी मी परतलो तेव्हा थेंबांच्या दोन वेळा चुकल्या होत्या. मी विचारले, “अण्णा, थेंब का नाही घातले?” ते म्हणाले, “अरे, तुझा फोन वाजलाच नाही. मी वाट पाहत होतो.”

सुदैवाने डोळ्याला अपाय झाला नाही. पण ते वाक्य मनातून गेले नाही. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. मुलाने केलेल्या यंत्रावर विश्वास होता, आणि त्या विश्वासामुळेच त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले नव्हते. ॲप नसते तर थेंब वेळेवर पडले असते. घटिकापात्रातला मोती मला त्या संध्याकाळी प्रथमच नीट दिसला.

रात्री बसून मी ती ओळ काढून टाकली. घंटेची वेळ प्रणालीच्या गजराकडे सोपविली आणि फोन सुप्तावस्थेत असला तरी वाजण्याची मुभा मागितली. फोन बंद होऊन पुन्हा सुरू झाला तर नोंदविलेले गजर पुसले जातात. म्हणून सुरू होताच ते पुन्हा नोंदविण्याची सोय केली. थेंब आधीच घातल्याची खूण असेल तर घंटेने गप्प राहावे, हेही लिहिले. एका ओळीच्या साठ-सत्तर ओळी झाल्या. मग केबल काढून, फोन उशाशी ठेवून, पडदा बंद करून मी तीन तास वाट पाहिली. माझी ४ सेकंदांची चाचणी म्हणायची तर तीच. शिवाय अण्णांना सांगितले, “घड्याळाकडेही लक्ष ठेवा.” मंगळयानाच्या आठ लहान इंजिनांसारखी ती दुसरी योजना.

सहा महिन्यांसाठी पाठविलेले मंगळयान सुमारे आठ वर्षे टिकले. एप्रिल २०२२ मध्ये दीर्घ ग्रहणानंतर त्याचा संपर्क तुटला. इंधन संपले असावे आणि सूर्याकडे तोंड धरून राहणे त्याला जमले नसावे, असा निष्कर्ष इस्रोने त्याच वर्षी जाहीर केला. त्याचे गौरवगान आपण दर सप्टेंबरला करतो आणि ते यथोचितच आहे. पण त्या सकाळी ७ वाजून १७ मिनिटांनी घडले ते केवळ धाडस नव्हते. आधीच्या पस्तीस वर्षांत समुद्रात गेलेल्या अग्निबाणांनी शिकविलेली सावधगिरी त्या आज्ञांच्या यादीत उतरली होती. आज देशात असंख्य तरुण मोबाइल ॲपसाठी तीच ओळ लिहीत आहेत. कोणाची औषधाची आठवण, कोणाच्या परीक्षेचा गजर त्या ओळीवर अवलंबून आहे. ‘थोड्या वेळाने’ असे लिहून झाले की क्षणभर थांबावे आणि स्वतःला विचारावे : फोन झोपलेला असेल तेव्हा हे वाजेल का, आणि नाही वाजले तर ते कोणाला कळेल?